चावऱ्या कुत्र्याची हद्दपारी

कुत्रा चावला की कोणत्याही गावात दोन प्रश्न लगेच विचारले जातात. पहिला, "कुणाचा कुत्रा?" आणि दुसरा, "आता याला सोडायचं कुठे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर चटकन मिळत नाही. ज्याचा कुत्रा असतो तो नेमका त्या वेळी घरी नसतो, किंवा "आमचा कुठला, येतो आपला भाकरीच्या आशेने" असे म्हणून मोकळा होतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येकाजवळ तयार असते : दूर. किती दूर आणि कुणाच्या दारात, ते कुणी सांगत नाही.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पाठ्यपुस्तकात हत्ती-घोडे भरपूर, कुत्र्याला मात्र जागा नाही. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा लक्षात आले की चावऱ्या कुत्र्याचे काय करायचे हा प्रश्न माणसाला चार हजार वर्षांपासून सतावतो आहे, आणि आपल्या मुंबईत तर यावरून मोठी दंगलही झालेली आहे. सध्या वर्तमानपत्रात कुत्र्यांविषयी न्यायालयांचे निकाल रोज वाचायला मिळतात. म्हणून हा विषय जरा मुळापासून मांडावा असे वाटले.

आजच्या इराकमध्ये पूर्वी एश्नुन्ना नावाचे नगरराज्य होते. तिथले कायदे हम्मुराबीच्याही थोडे आधीचे मानले जातात. त्यात एक कलम कुत्र्याचे आहे. कुत्रा चावरा (बहुधा पिसाळलेला) आहे, आणि अधिकाऱ्यांनी तसे मालकाला कळवले आहे. तरी मालकाने त्याला आवरले नाही, आणि तो कुणाला चावून माणूस मेला, तर मालकाने ४० शेकेल चांदी द्यावी. मेलेला माणूस गुलाम असेल तर १५ शेकेल. गुलामाच्या जिवाची किंमत कमी, ही त्या काळाची रीत. पण या कलमातला मला महत्त्वाचा वाटणारा शब्द आहे "कळवले असताना". कुत्र्याला शिक्षा नाही, कुत्र्याच्या जातीचा उल्लेख नाही. प्रश्न एवढाच, की मालकाला माहीत होते की नाही?

रोमन लोकांची तऱ्हा वेगळी. इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास त्यांनी बारा पट्टिकांचा कायदा केला. त्यात नियम असा, की तुमच्या चतुष्पाद प्राण्याने कुणाचे नुकसान केले तर एक तर भरपाई द्या, नाहीतर तो प्राणीच नुकसान झालेल्या माणसाच्या हवाली करा. म्हणजे पाळीव प्राण्याचे घर बदलण्याचा हा जुना कायदेशीर मार्ग! ज्याला इजा झाली त्याच्याच घरी तो जाणार. पुढे त्याने त्याला ठेवावे, विकावे की मारावे, तो त्याचा प्रश्न.

इंग्लंडच्या जुन्या न्यायपद्धतीत पुन्हा एश्नुन्नासारखाच विचार दिसतो. कुत्रा चावरा आहे हे मालकाला ठाऊक होते असे सिद्ध झाले तर तो जबाबदार. यावरूनच तिकडे "प्रत्येक कुत्र्याला एक चावा माफ" असे गमतीने म्हणू लागले. पहिला चावा म्हणजे मालकाला मिळालेली सूचना. दुसऱ्या चाव्याला सबब चालणार नाही.

आता आपल्याकडे वळू.

महाभारताची एक गंमत फार थोड्यांच्या लक्षात येते. आदिपर्वात सुरुवातीलाच एक कुत्रा भेटतो आणि अखेरच्या पर्वांतही एक कुत्रा भेटतो. जनमेजय राजा कुरुक्षेत्रात यज्ञ करीत असतो. तिथे सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचे पिल्लू येते आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारून हाकलतात. ते रडत आईकडे जाते. आई विचारते, तू काही खोडी केलीस का? ते सांगते, मी हविर्द्रव्य चाटले नाही, त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग सरमा यज्ञमंडपात येऊन जाब विचारते. राजाच्या भावांना उत्तर देता येत नाही. तेव्हा ती शाप देते, की तुमच्यावर अकल्पित भय येईल. आणि शेवटी महाप्रस्थानिक पर्वात, सगळे भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडल्यावर युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा तेवढा उरतो. इंद्र म्हणतो, याला सोड आणि रथात बस. युधिष्ठिर नकार देतो. जो आश्रयाला आला त्याला सोडणे हे पाप आहे, असे त्याचे म्हणणे.

या दोन्ही कथा मी वर्गात सांगत असे, तेव्हा एखादा पोरगा हमखास विचारी, "पण सर, तो कुत्रा चावला असता तर?" प्रश्न अगदी बरोबर आहे. सरमेचे पिल्लू निरपराध होते, युधिष्ठिराचा कुत्रा तर साक्षात धर्म होता. निरपराधाला न्याय देणे तुलनेने सोपे. ज्याने खरोखर दात लावले आहेत त्याचे काय करायचे, याचे उत्तर पुराणात शोधून सापडत नाही. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे, खंडोबाबरोबर कुत्रा, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज, ही आपली एक बाजू. आणि "कुत्र्याच्या मौतीने मरशील" ही आपलीच दुसरी बाजू. दोन्ही एकाच घरात नांदतात.

आता मुंबईची हकीकत. साल १८३२, राज्य ईस्ट इंडिया कंपनीचे. गावात भटकी कुत्री फार झाली म्हणून वर्षातल्या ठराविक दिवसांत ती मारण्याचा नियम होता : १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. त्या काळी आठ आणे ही गरीब माणसाला लहान रक्कम नव्हती. त्या वर्षी उन्हाळ्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली गेली. बक्षीस कुत्र्याच्या संख्येवर, तो कुणाचा आहे यावर नाही. तेव्हा जे व्हायचे तेच झाले. भटका कुत्रा हुशार असतो, पळून जातो. घरचा कुत्रा माणसाला पाहून शेपूट हलवीत पुढे येतो. पोलिसांचे लोक खासगी आवारांत आणि घरांत शिरून पाळलेली कुत्रीही मारू लागले.

पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. माणूस मरण पावला की प्रेतावर कुत्र्याची नजर पडू देण्याचा 'सगदीद' नावाचा विधी त्यांच्यात असतो. डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला, म्हणजे 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी उत्तम मानतात. ६ जून १८३२ हा त्यांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशीही कुत्री मारणे चालूच राहिले तेव्हा पारशी जमाव चिडला आणि कुत्री मारणाऱ्या शिपायांवर चालून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानांतले काही लोकही सामील झाले. कुलाब्याच्या लष्करी छावणीत जाणारी रसद अडवण्यात आली. साहेबाच्या टेबलावर पाव पोचेना, तेव्हा प्रकरणाचे गांभीर्य सरकारला कळले! दंगलीचा कायदा पुकारला गेला, सैनिक आले, धरपकड झाली. आधुनिक मुंबईच्या इतिहासात नोंदलेली ही पहिली दंगल समजली जाते, आणि ती कुत्र्यांवरून झाली.

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. पारशी समाजातल्या मोठ्या शेठ लोकांनी दंगलीपासून स्वतःला दूर ठेवले आणि अर्ज-विनंत्यांचा मार्ग धरला. त्यांत जमशेदजी जीजीभॉय प्रमुख होते. त्यांचा आग्रह असा, की कुत्री मारू नका, गावाबाहेर नेऊन सोडा. सरकारने ते मान्य केले. म्हणजे आपल्याकडे 'कुत्र्यांची हद्दपारी' सरकारदरबारी मान्य झाली ती १८३२ मध्ये, आणि ती दयेच्या भावनेतून. हे विसरू नये. मारण्यापेक्षा दूर सोडणे बरे, हा त्या वेळचा पुढारलेला विचार होता.

पण जमशेदजींच्याही लक्षात आले असावे की नुसते 'बाहेर' हे काही ठिकाण नव्हे. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, त्यांनी आणि जैन व्यापारी मोतीशा शेठ यांनी भुलेश्वरला पांजरपोळ सुरू केले. तिथे पुढे गाई जास्त झाल्या, पण स्थापनेमागचे एक कारण ही मारली जाणारी कुत्री होती. हद्दपार करायचे तर राहायला जागा, खायला अन्न आणि खर्च सोसणारा माणूस लागतो, हे ज्यांनी ओळखले ते खरे व्यवहारी लोक.

आजच्या पिढीला वाटेल, एका कुत्र्याच्या चाव्याची एवढी भीती का? कारण रेबीज. एकदा लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. १८३२ मध्ये तर यावर काहीच उपाय नव्हता. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ ला जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली, ११ दिवसांत १३ वेळा. तो मुलगा जगला. भारतातल्या इंग्रज सैनिकांना कुत्रा चावला तर त्यांना बोटीने पॅरिसला पाठवीत असत. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. तिथेच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार करण्याची रीत बसवली. पोटात घ्यायची ती 'चौदा इंजेक्शनं' हीच. माझ्या वयाच्या माणसांना त्यांचे नाव काढले तरी बेंबीभोवती कळ येते. ही लस भारतात थेट २००४-०५ च्या सुमाराला बंद झाली. आता दंडात टोचतात, पोटात नाही. त्यामुळे भीती कमी झाली, ही चांगली गोष्ट. पण भीतीबरोबर काळजीही कमी झाली, ही वाईट. साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुणे, लगेच दवाखाना गाठणे, सगळे डोस पुरे करणे आणि जखम खोल असेल तर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शन घेणे, यांतले काही गाळून चालत नाही. हळद-मिरची भरणे तर मुळीच नको.

आता आमच्या भागाबद्दल. गोंदिया, भंडारा म्हणजे धानाचा मुलूख. कापणीनंतर बांध्यांत धानाचे पुंजणे रचले जातात, त्यांच्या राखणीला कुत्रा हवा. नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांत रानडुकरांसाठी हवा. त्यामुळे कुत्रा चावरा असणे हा इकडे पूर्वी दोष नव्हता, गुण होता. "आमचा कुत्रा लय तेज आहे" असे अभिमानाने सांगत. आणि तोच कुत्रा गावातल्या पोराला चावला की त्याला पोत्यात घालून बैलगाडीने, पुढे सायकलवर, वैनगंगेच्या नाहीतर बाघ नदीच्या पलीकडे सोडून येत. पलीकडच्या गावाने काय करावे? तेही त्यांचे कुत्रे अलीकडे आणून सोडत! काही कुत्रे पाचव्या-सहाव्या दिवशी ओले होऊन परत दारात हजर. मग घरच्या बाईचे मन विरघळे आणि प्रकरण मिटे. गाव बदलले, घरे एकमेकांना चिकटली, शेत राखणारा कुत्रा कॉलनीच्या फाटकात बांधला गेला. पण उपाय मात्र तोच राहिला.

काही वर्षांपूर्वी आमच्याच वस्तीत असे प्रकरण घडले. एका कुटुंबाचे दोन कुत्रे, एक सात वर्षांचा, दुसरा तीनचा. चेंडू आणायला आवारात शिरलेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या पोटरीला धाकटा चावला. टाके पडले. संध्याकाळी माणसे जमली. मागणी एकच, दोन्ही कुत्रे आजच्या आज हलवा. मालकाचाही विचार तोच होता. गाडी काढून रात्रीच बालाघाटकडे नातेवाइकाच्या गावी सोडून यायचे. मास्तर म्हणून मला बोलावले होते. गुरांच्या डॉक्टरांनी तिथे एक गोष्ट सांगितली ती सर्वांना पटली. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर हवा. तो पिसाळलेला असेल तर या दहा दिवसांत आजारी पडेल किंवा मरेल. धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे समजायचे. मुलाची इंजेक्शने तर त्याच दिवशी सुरू करायची, पण कुत्रा नजरेआड केला तर मुलाच्या आईला दहा दिवस झोप लागणार नाही. म्हणजे जी हद्दपारी मुलाच्या बाजूने म्हणून मागितली जात होती, ती खरे तर मुलाच्याच नुकसानीची होती.

कुत्रा दहा दिवस बांधून ठेवला. त्या दिवसांत डोकी थंड झाली. थोरल्याने सात वर्षांत कुणाला दात लावला नव्हता, त्याला शिक्षा कशाबद्दल, असे मुलाचे वडीलच म्हणाले. हा माणूस मला त्या दिवशी फार मोठा वाटला. धाकटा मात्र आधी दोनदा दूधवाल्याच्या अंगावर गेला होता, हेही बोलण्यात निघाले. त्याला अकराव्या दिवशी देवरीकडे एका शेतावर दिले. तिथे लहान मूल नव्हते, कुंपण होते, आणि घेणाऱ्याला सारे खरे सांगून दिले. घरची बाई त्याचे भांडे आणि साखळी घेऊन गाडीत बसली, स्वतः बांधून आली. चावा लागलेला मुलगा आता कॉलेजात जातो, पण अजून त्या फाटकावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जातो. कुत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

कायदा याबद्दल काय म्हणतो? १८६० च्या भारतीय दंड संहितेत २८९ वे कलम होते. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी जो जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात हेच कलम २९१ व्या क्रमांकावर आहे आणि दंड पाच हजारांपर्यंत झाला आहे. "जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने" हे शब्द पाहा. चार हजार वर्षांपूर्वीचे "कळवले असताना" इथे पुन्हा भेटते, थोडे रुंद होऊन.

हे कलम पुस्तकातच राहिले असेही नाही. २०१० मध्ये मुंबईत रॉटवायलर जातीचा कुत्रा मालकाच्या एका वयस्क नातेवाइकाला चावला. तेरा वर्षांनी, २०२३ मध्ये, गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. २०१८ मध्ये वरळीच्या एका इमारतीत लिफ्टमध्ये कुत्रा शेजाऱ्याला चावला होता, त्यात २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता, की साखळी ज्याच्या हातात होती त्याने काय केले? फक्त निकालाला लागलेली वर्षे मोजली तर वाटते, कुत्र्याचे आयुष्य असते किती आणि खटल्याचे किती!

दुसरा मार्ग आहे जातीवर बंदीचा. ब्रिटनने १९९१ मध्ये घाईघाईने धोकादायक कुत्र्यांचा कायदा केला. पिट बुल, तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार जातींवर बंदी आली. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यात एक्सएल बुली या प्रकाराची भर पडली. ३१ डिसेंबर २०२३ पासून असा कुत्रा विकणे, सोडून देणे, इतकेच काय पण दुसऱ्या घरी देणेही गुन्हा ठरले. मालकाने परवाना घेऊन, मुसके बांधून त्याला आपल्याजवळच ठेवावे, नाहीतर त्याला कायमचे झोपवावे. म्हणजे हद्दपारीचा मार्गच बंद.

आपल्याकडे १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवले. २३ जातींची यादी जोडून त्यांची विक्री, पैदास यांना परवाने देऊ नका आणि आधीच घरात असलेल्यांची नसबंदी करा, असे त्यात होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवले, कारण संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता ते काढले होते. इतर काही उच्च न्यायालयांतही त्याला आव्हान मिळाले. जातीची यादी करायला सोपी असते. पण आमच्या वस्तीतला तो धाकटा कुठल्याच यादीत बसला नसता. तो गावठी होता.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतले. २००७ मध्ये व्हर्जिनिया राज्यात मायकेल विक या नामांकित फुटबॉलपटूच्या जागेतून झुंजीसाठी पाळलेले सुमारे पन्नास पिट बुल जप्त झाले. अशा कुत्र्यांना सरसकट मारायचे, असा तोवरचा रिवाज. पण या वेळी न्यायालयाने जाणकार नेमले, एकेक कुत्रा वेगळा तपासला गेला. बहुतेक वाचले. काही घरांत गेले, काही जन्मभर आश्रयस्थानात राहिले. आणि त्यांच्या संगोपनासाठी नऊ लाख डॉलरहून अधिक रक्कम त्यांच्या मालकाकडूनच वसूल झाली. जमशेदजी शेठना हा हिशेब नक्की आवडला असता.

भटक्या कुत्र्यांची कथा तर आणखी लांब. मुंबई महापालिकेने १९९४ मध्ये कुत्री मारणे थांबवले. २००१ मध्ये केंद्राचे नियम आले, की भटक्या कुत्र्यांची नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचलले तिथेच सोडा. २०२३ मध्ये नवे नियम आले, तरी मूळ तत्त्व हेच राहिले. मध्यंतरी डिसेंबर २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दोन विरुद्ध एक मताने उपद्रवी कुत्री मारण्याची परवानगी दिली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

आमच्या विदर्भाला जवळचा निकाल २० ऑक्टोबर २०२२ चा, नागपूर खंडपीठाचा. भटक्या कुत्र्यांना रस्त्यावर खाऊ घालू नका. घालायचे असेल तर आधी रीतसर दत्तक घ्या, घरी न्या किंवा निवाऱ्यात ठेवा, खर्च सोसा. मोडले तर दोनशे रुपयांपर्यंत दंड. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. खाऊ घालणाऱ्यावर दत्तक घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे त्याचे म्हणणे. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण नागपूरच्या न्यायमूर्तींनी विचारलेला प्रश्न मला अजून तसाच वाटतो : तुम्ही भाकरी टाकता, मग कुत्रा कुणाचा?

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा हुकूम दिला. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावी, मात्र पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नयेत. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही त्यांची जबाबदारी. मग ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री उचलून परत तिथे सोडू नका, असा आदेश आला. १८३२ आणि २०२५ शेजारी ठेवून पाहा. मारा, बाहेर सोडा, निवारा बांधा, तिथेच सोडा... शब्द बदलतात, पण 'बाहेर' म्हणजे नक्की कुठे, या प्रश्नापाशी गाडी येऊन थांबतेच.

एवढ्या इतिहासातून मला कळलेले थोडक्यात सांगतो. कुत्रा दुसऱ्या घरी देणे हे पाप नाही. काही वेळा तोच शहाणपणाचा मार्ग असतो. पण देणे आणि टाकणे यांत फरक आहे. दहा दिवस पाहून, जखमी माणसाचा खर्च उचलून, घेणाऱ्याला "हा चावला आहे" असे स्पष्ट सांगून, त्याच्या घरात मूल आहे की नाही ते बघून, लसीचा कागद हातात ठेवून दिला तर ते देणे. अंधारात नदीपलीकडे सोडला तर ते टाकणे, आणि तो कुत्रा पुढे ज्या मुलाला चावेल त्याचाही दोष आपल्याकडे येतो. एश्नुन्नाच्या कायद्याप्रमाणेच बघा ना. आपल्याला ठाऊक होते, फक्त पलीकडच्या गावाला कळवले नव्हते.

आणि याहून महत्त्वाचे काम चाव्याच्या आधीचे. कुत्रा पहिल्यांदा कुणाच्या अंगावर गुरगुरत धावतो तेव्हा घरातले हसतात, "काही करत नाही तो" म्हणतात. तीच खरी सूचना असते. त्याच दिवशी फाटकाला कडी, कुत्र्याला साखळी आणि वर्षाची लस एवढे झाले तर पुढचे पंचनामे, बैठका, खटले आणि हद्दपाऱ्या यांची वेळ फारशी येत नाही.

असो. लेख लांबला, मास्तरांची सवय. तुमच्या गावात चावऱ्या कुत्र्याचे काय करतात, आणि नदीपलीकडून तुमच्याकडे कोण सोडून जाते, तेही एकदा मोजून पाहा.